रिटायर होणाऱ्या बाईंची मुलाखत कशी घ्यायची? 'आपले छंद कोणते' हा प्रश्न आधी खोडा

प्रश्न थोडक्यात परत सांगते म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. गोव्यात डिचोली तालुक्यातल्या एका हायस्कूलच्या गणित-विज्ञानाच्या बाई यंदा ६० पूर्ण करून रिटायर होतायत. निरोप समारंभात स्टेजवर त्यांची २० मिनिटांची मुलाखत घ्यायचीय आणि स्मरणिकेत दोन पानांचा परिचयही लिहायचाय, आणि ही दोन्ही कामं नेहमीप्रमाणे स्टाफमधल्या सगळ्यात ज्युनियर टीचरच्या गळ्यात पडलीत. बाईंना विचारलं तर त्या हसून म्हणतात, "म्हजें कितें आसा बरोवपासारकें?" सोबत प्रश्नांची लिस्ट दिलीय, त्यात आपले बालपण, आपले शिक्षण, आपले छंद, आपले आदर्श, आणि शेवटी नव्या पिढीला संदेश. लिस्ट बरोबर आहे का असं विचारलंय.

लिस्ट बाजूला ठेवा. रागावू नका, पण गोव्यातल्या मराठी पेपरांच्या पुरवण्यांसाठी आणि शाळांच्या स्मरणिकांसाठी मी बरीच वर्षं शिक्षकांच्या मुलाखती घेत आलेय, आणि या लिस्टमधून कधी माणूस हाताला लागलेला मी पाहिला नाही. शिक्षक हा मुलाखतीला सगळ्यात कठीण माणूस. पुढारी बोलतो, नाटकवाला बोलतो, शिक्षकही भरपूर बोलतो, पण तो समोर वर्ग बसलाय असं धरून बोलतो. तीसेक वर्षं मुलांसमोर स्वतःचं काही सांगायचं नाही ही सवय अंगात इतकी मुरलेली असते की आदर्श विचारला की साने गुरुजी, छंद विचारला की वाचन, आणि संदेश विचारला की मोबाईल कमी वापरा. कुठल्याही चार-पाच शाळांच्या स्मरणिका काढा आणि नावांवर बोट ठेवून वाचा, कुठले सर आणि कुठल्या बाई काही कळणार नाही.

पण हीच माणसं दुसऱ्याबद्दल बोलायला लागली, म्हणजे एखाद्या मुलाबद्दल, एखाद्या वाड्याबद्दल, बंद पडलेल्या एखाद्या शाळेबद्दल, की मग त्यांना स्वतःला लपवता येत नाही. माझं सगळं काम या एकाच गोष्टीवर चालतं. बाईंना बाईंबद्दल विचारायचं नाही, बाकी सगळ्याबद्दल विचारायचं.

आता कामाला लागू. आधी होमवर्क, आणि ते बाईंना भेटायच्या आधी. शाळेच्या क्लार्ककडून सर्व्हिस बुकातल्या तारखा घ्या, अर्थात हेडमास्तरांना आणि बाईंना विचारूनच, गुपचूप नाही. कधी जॉईन, कुठे जॉईन, कधी कन्फर्म, मध्ये बदली किंवा दुसरी संस्था, रजा किती. लांब रजा दिसली तर नुसती नोंद करून ठेवा, विचारू नका, त्यांना सांगायचं असेल तर त्या सांगतील. तारखा हाताशी असल्या की मुलाखतीत "तुम्ही कधी लागला" असल्या प्रश्नात वेळ जात नाही, आणि आठवणीतली सालं सरकतात तेव्हा तुम्हाला मनातल्या मनात दुरुस्त करता येतं. तोंडावर दुरुस्त करू नका हं, माणूस लगेच आखडतो. साल नक्की करायचं असेल तर "चवथीच्या आधी की नंतर", "तेव्हा घरात टीव्ही होता का", "तेव्हा पूल झाला होता की फेरीबोटीनेच जायचात" असं विचारा, बरोबर साल सापडतं.

मग त्या तारखांच्या शेजारी गोव्याच्या तारखा मांडा. हे सगळे विसरतात आणि परिचय हवेत लटकतो. तुमच्या बाईंचा जन्म १९६६ च्या आसपासचा, म्हणजे मुक्तीनंतरची पहिली पिढी. १९६१ च्या डिसेंबरपर्यंत इथे सरकारी शाळा म्हणजे पोर्तुगीज, आणि गावात मराठी शिकायचं तर देवळाच्या मंडपात किंवा कुणाच्या तरी ओसरीवर शेणैमामाची, म्हणजे गावातल्या खासगी मास्तरांची शाळा. मुक्तीनंतर, विशेषतः पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या काळात, गावोगाव सरकारी प्राथमिक शाळा निघाल्या, आणि इथे पुरेसे शिक्षकच नव्हते म्हणून सिंधुदुर्ग, कोल्हापूर, बेळगावकडून मास्तर आले. तुमच्या बाईंना शिकवलेले मास्तर बहुतेक त्यातलेच. तेव्हा "आपले आदर्श कोण" ऐवजी "तुम्हाला पहिलीला कोण होते आणि ते कुठून आले होते" हे विचारा. मला या प्रश्नावर कधीच कोरडं उत्तर मिळालेलं नाही. ते मास्तर कुणाच्या घरी भाड्याने राहायचे, त्यांना भाजी कोण द्यायचं, त्यांची मराठी आणि मुलांची कोकणी यांची सुरुवातीला कशी मजा व्हायची, हे सगळं येतं, आणि मग बोलता बोलता बाई सांगून जातात की मास्तर शिक्षा करायचे ती आपल्याला आवडायची नाही म्हणून आपण कधी छडी धरली नाही. आदर्श वगैरे शब्द न वापरता आदर्श मिळाला की नाही?

पुढे १९७५ मध्ये गोव्याचं स्वतःचं शालान्त मंडळ झालं, पर्वरीचं. १९८५ मध्ये गोवा विद्यापीठ. त्याआधी कॉलेजं मुंबई विद्यापीठाला जोडलेली. म्हणजे तुमच्या बाईंचं कॉलेज नेमकं या सांध्यावर पडतं, डिग्रीवर मुंबई आहे की गोवा हे विचारून घ्या. १९८६-८७ चं कोकणी-मराठी भाषेचं आंदोलन, १९८७ च्या फेब्रुवारीत राजभाषा कायदा, ३० मे ला घटक राज्य, हे सगळं त्या कॉलेजात किंवा बी.एड.ला असताना घडलंय. बस बंद, रस्त्यावर झाडं आडवी, परीक्षा पुढे. भाषावादावर त्यांचं मत विचारू नका, स्मरणिकेला ते झेपणार नाही आणि स्टेजवर तर मुळीच नाही, पण त्या दिवसांत घरी कशा पोचायच्या हे जरूर विचारा.

१९९० मध्ये शशिकलाताई काकोडकर शिक्षणमंत्री असताना मराठी-कोकणीसारख्या प्रादेशिक भाषांतून शिकवणाऱ्या प्राथमिक शाळांनाच अनुदान हे धोरण आलं. पुढे २०११-१२ ला इंग्रजी माध्यमाच्या प्राथमिक शाळांनाही अनुदान द्यायचा निर्णय झाला आणि परत रस्त्यावर वाद. तुमच्या बाईंची नोकरी जवळपास अख्खी या दोन निर्णयांच्या मधली आणि नंतरची. तुम्ही म्हणाल हायस्कूलचा याच्याशी काय संबंध. सगळा संबंध इथेच आहे. आपल्याकडे मूल चौथीपर्यंत मराठीतून शिकतं आणि पाचवीत एकदम इंग्रजी माध्यमात येऊन बसतं, आणि गणित-विज्ञानाच्या शिक्षकाला तो धक्का पहिला लागतो. कालपर्यंत 'त्रिकोण' म्हणणारं मूल आज 'ट्रँगल' ऐकून गप्प होतं आणि कुणाला वाटतं याला गणितच येत नाही. म्हणून बाईंना सरळ विचारा, पाचवीची नवी मुलं आली की पहिले दोन-तीन महिने तुम्ही काय करायचात? मला एका बाईंनी यावर सांगितलेलं अजून आठवतं. त्या प्रश्न इंग्रजीतून विचारायच्या, उत्तर मराठी-कोकणी कशातूनही चालवून घ्यायच्या, मग तेच उत्तर स्वतः इंग्रजीतून फळ्यावर लिहायच्या आणि खाली त्या मुलाचं नाव. "म्हणजे त्याला वाटायचं इंग्रजी आपण बोललो." आणि तपासणीला कुणी आलं की? "आले की तेवढा वेळ आम्ही सगळी शुद्ध इंग्रजीत गप्प." या एका उत्तरात त्या बाईंची हुशारी, माया आणि थोडासा बेरकीपणा तिन्ही आलं. असं उत्तर पाहिजे तुम्हाला.

डिचोलीचं आहे म्हणून आणखी एक. २०१२ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात लोहखनिजाच्या खाणी बंद झाल्या, परत सुरू झाल्या, २०१८ च्या मार्चमध्ये परत बंद. तुमच्या वर्गातल्या कितीतरी मुलांच्या घरी ट्रक असणार, बँकेचा हप्ता असणार. ट्रक चालायचे तेव्हा बाकांवर लाल धूळ, आणि ट्रक थांबले तेव्हा सहलीचे पैसे न आणणारी मुलं. वर्गशिक्षिकेला हे आकडे न बघता कळतं. बाईंना विचारा की त्या वर्षी वर्गात काय बदललं. २०२० च्या कोरोनाचंही तसंच, पण ते "ऑनलाईन शिक्षणाचा अनुभव कसा होता" असं विचारलंत की झूम-गूगल मीटचा निबंध मिळेल, त्यापेक्षा "कुठल्या मुलाला रेंज मिळायची नाही आणि मग तुम्ही त्याचं काय केलंत" असं विचारा. सत्तरी-सांग्याकडे तर मुलं डोंगरावर रेंज शोधत बसायची हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. आणि आता एप्रिल २०२५ पासून सहावी ते दहावीचं वर्ष एप्रिलातच सुरू होतंय, त्यावर बाईंचं मत स्टाफरूममध्ये तुम्ही ऐकलंच असेल, ते माझ्या मते छापूनही चालेल.

एवढी तयारी झाली की बाईंच्या घरी जा. स्टाफरूममध्ये मुलाखत घेऊ नका, तिथे दर पाच मिनिटांनी कुणीतरी वही घेऊन येतं आणि बाकीचे शिक्षक ऐकत असतात त्यामुळे बाई सावध बोलतात. वेळ सकाळी दहाची किंवा संध्याकाळी पाचची, दुपारी दोन ते चार फोनसुद्धा करू नका, गोव्यात राहून हे सांगायला नको. फोनचा रेकॉर्डर चालू करताना विचारा, आणि पावसाळ्यात पत्र्याखाली बसू नका, मी एकदा पूर्ण दीड तासाचा पाऊस रेकॉर्ड करून आणलाय. घरी बोलताना त्या कोकणीत बोलतील, बोलू दे. त्यांना "मराठीत सांगा ना" म्हटलंत की त्या परत वर्गात जाऊन उभ्या राहतील. मराठी तुम्ही लिहिताना करा, आणि एखाद-दुसरं वाक्य जसं पडलं तसं कोकणीतच ठेवा, आपल्या वाचकाला त्याचा अर्थ सांगावा लागत नाही.

पहिला प्रश्न कुठला? "तुमची पहिली शाळा कुठली आणि तिथे पहिल्या दिवशी कशा पोचलात?" हा माझा ठरलेला प्रश्न आहे आणि तो मी बदलत नाही. कुठली कदंबा बस, कुठे उतरायचं, पुढे किती चाल, वाटेत ओहोळ होता का, पावसात काय करायचात, डबा कोण द्यायचं. गोवा नकाशात बोटभर दिसतो पण पेडण्याची बाई काणकोणला लागली की तिला तिथे खोली घेऊन राहावंच लागतं, आणि २२-२३ वर्षांची मुलगी एकटी परक्या गावात राहिली म्हणजे त्या घरातली माणसं, त्यांची जत्रा, त्यांचं कुळागर म्हणजे सुपारी-नारळाची बाग, सगळं तिच्या आयुष्यात येतं. लगेच दुसरा प्रश्न: ती शाळा आज आहे का? खूपशा सरकारी प्राथमिक शाळा पट कमी म्हणून बंद झाल्यात नाहीतर दुसरीत विलीन झाल्यात, त्यामुळे जुन्या शिक्षकांपैकी अनेकांची पहिली शाळा आता पंचायतीचं गोदाम किंवा अंगणवाडी असते. साळावली धरणात गेलेल्या कुर्डी गावातल्या माणसांना तर आपलं गाव बघायला मे महिन्यात पाणी खाली जायची वाट बघावी लागते. अशा प्रश्नावर शिक्षक जरा वेळ गप्प राहिला तर तुम्ही बोलू नका. नवे मुलाखतकार इथेच घाई करतात आणि पुढचा प्रश्न टाकतात, आणि येणारं उत्तर तिथेच राहतं.

आता माझी सगळ्यात आवडती युक्ती सांगते, कुणाला सांगत नाही पण तुम्ही ज्युनियर आहात म्हणून. बाईंना त्यांच्या कुठल्या तरी जुन्या वर्गाची हजेरी म्हणायला सांगा. खरंच. वर्गशिक्षिका असलेल्या माणसाला वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या बॅचची हजेरी आडनावांच्या क्रमाने तोंडपाठ असते, कारण वर्षभर रोज सकाळी ती म्हटलेली असते. सुरुवातीला "छे गे, आता कुठे आठवणार" म्हणतील, मग आमोणकर, बांदेकर, चारी असं सुरू होईल आणि गाडी धावायला लागेल. आणि मध्येच कुठेतरी एका नावावर थांबतील. थांबतील तिथे विचारा. तो मुलगा कोण होता, काय झालं त्याचं. कधी तो आज मोठा डॉक्टर असतो, पण बहुतेक वेळा नसतो. बहुतेक वेळा तो नववीत शाळा सोडून गेलेला असतो, किंवा ती मुलगी जी हुशार होती आणि घरच्यांनी पुढे शिकवली नाही. शिक्षकाच्या डोक्यात यशस्वी विद्यार्थी राहतात असं लोकांना वाटतं, माझा अनुभव उलटा आहे, निसटलेले राहतात. फक्त छापताना त्या मुलाचं नाव, वाडा, घर काहीही द्यायचं नाही. गाव लहान आहे, तो समारंभाला मागच्या रांगेत बसलेला असू शकतो.

छंदाचं आता. "छंद कोणता" हा प्रश्न खोडा म्हटलं ते यासाठी की उत्तर वाचन असंच येणार हे ठरलेलं, आणि खरा छंद माणसाला छंद वाटतच नसतो. सत्तरी तालुक्यातल्या एका रिटायर्ड प्राथमिक शिक्षकांकडे गेले होते, त्यांनीही वाचनच सांगितलं. कपाटात पुस्तकं होती, खोटं नव्हतं. पण चहा झाल्यावर घरामागे घेऊन गेले तर आंब्याची कलमं, आणि प्रत्येक कलमाला पत्र्याची पट्टी तारेने बांधलेली. पट्टीवर खिळ्याने कोरलेलं: जात, बांधल्याची तारीख, आणि काडी कुणाच्या झाडाची आणली त्याचं नाव. मानकुराद, मुसराद, हिलारियो, सगळी. अक्षर अगदी हजेरीपटातलं, काना-मात्रा एका रेषेत. दोन पट्ट्यांवर आडवी फुली होती. विचारलं तर म्हणाले मेली ती, पण नाव काढायचं नाही. मी परिचयात वाचनाचा 'वा' सुद्धा लिहिला नाही, त्या पट्ट्यांवरच लिहिलं, आणि त्यांचे जुने विद्यार्थी म्हणाले हेच आमचे सर.

म्हणून घरी गेल्यावर बघा. भिंतीवर घुमट, म्हणजे आपलं मातीचं वाद्य, टांगलंय का, पेटी आहे का, कोपऱ्यात नाटकाची वही आहे का. आपल्याकडे शिक्षक आणि जत्रेचं नाटक हे नातं फार जुनं आहे, गावात नाटक बसवायचं तर दिग्दर्शक मास्तर, नाहीतर प्रॉम्प्टर तरी मास्तरच. कला अकादमीच्या नाट्यस्पर्धेत, भजनी स्पर्धेत कितीतरी शिक्षक दिसतात. शिक्षिका असतील तर फुगडी, धालो, चवथीची माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर बांधायची फळांची चौकट. माटोळीला रानातली कुठली फळं बांधायची, माटुलिंग कुठे मिळतं, कांगलां कुठे, हे माहीत असलेली विज्ञानाची बाई ही वनस्पतीशास्त्र अर्धं रानात शिकलेली असते. आणि शिरगावच्या लईराई देवीचे धोंड, म्हणजे व्रत धरणारे भक्त, शिक्षकांतही आहेत, तुमच्याच तालुक्यात, व्रताचे ते दिवस शाळा सांभाळून कसे पाळायचे हा किती छान प्रश्न आहे. पण बाईंना यातलं काहीच नसेल आणि त्या संध्याकाळी नुसत्या सिरियल बघत असतील तर तेही लिहा. सगळ्यांना कला असावीच असा काही नियम नाही, ओढूनताणून त्यांना निसर्गप्रेमी करू नका.

स्वभाव. इथे बाईंना विचारून काही उपयोग नाही, स्वभाव दुसऱ्यांना विचारायचा, आणि तोही भलत्या माणसांना. हेडमास्तर "शिस्तप्रिय आणि मनमिळाऊ" सांगतील. तुम्ही शिपायाला विचारा. माध्यान्ह आहाराची पावभाजी घेऊन येणाऱ्या बचतगटाच्या ताईंना विचारा. सकाळच्या बसच्या कंडक्टरला विचारा. एका शाळेतल्या शिपायाने मला एकच वाक्य दिलं होतं, "फॅन बंद करिनासतना बाई वर्गांतल्यान भायर सरनात," आणि त्या बाईंचा अख्खा परिचय मी त्या फॅनपासून लिहिला. जुन्या विद्यार्थ्यांना "बाई कशा होत्या" विचारलं की "खूप छान" येतं. त्यांना विचारा, बाई रागावल्या की काय करायच्या? कुणी म्हणेल आवाज खाली यायचा, कुणी म्हणेल खडू ठेवून खिडकीबाहेर बघायच्या. दोन वेगवेगळ्या बॅचच्या मुलांनी एकच गोष्ट सांगितली की ती खरी धरा. आणि उणं निघालं तर? निघणारच, कुणी म्हणेल बाई पार्शालिटी करायच्या. निरोपाच्या स्मरणिकेत ते छापायची गरज नाही, पण तुम्हाला माहीत असू दे, म्हणजे निदान "सर्व विद्यार्थ्यांवर समान प्रेम" असलं वाक्य तुमच्या हातून जाणार नाही.

काही गोष्टींना हात लावायचा नाही. प्रमोशन कुणाला मिळालं कुणाला नाही, संस्थेच्या मॅनेजमेंटशी वाद, सिनियॉरिटीची भांडणं, घरातलं दुखणं. बाई आपणहून बोलल्या तर ऐका, रेकॉर्डर बंद करा, आणि छापायचं का हे त्यांनाच ठरवू दे, तेही त्या दिवशी नाही, दोन-चार दिवसांनी.

स्टेजचं वेगळं आहे. घरची मुलाखत स्टेजवर तशीच परत करायला जाऊ नका, त्याच गोष्टी दुसऱ्यांदा सांगताना माणूस शिळा होतो. २० मिनिटांत पाच प्रश्न पुरे, टाळ्या आणि माईकची खरखर धरून. बाईंना फक्त पहिला आणि शेवटचा प्रश्न आधी सांगा म्हणजे टेन्शन राहणार नाही. प्रश्नात स्तुती नको, "आपण एवढ्या मोठ्या, तरी इतक्या साध्या, याचं रहस्य काय" यावर कुणी काय बोलणार, बिचाऱ्या पदर सारखा करतील.

आणि त्या गणिताच्या आहेत हा तुमच्या हातातला हुकमाचा पत्ता आहे, तो वापरा. स्टेजवर एक फळा ठेवा, खडू ठेवा आणि म्हणा, बाई, उणे गुणिले उणे अधिक का होतं ते आम्हाला सातवीत समजलं नव्हतं, आज सांगा. एका सरांबरोबर मी हे केलं होतं. तोवर ते खुर्चीच्या टोकावर बसून एकेका वाक्यात उत्तरं देत होते. खडू हातात आला आणि माणूस बदलला. त्यांनी फळ्यावर एकाखाली एक लिहिलं: ३ गुणिले उणे २ बरोबर उणे ६. २ गुणिले उणे २ बरोबर उणे ४. १ गुणिले उणे २ बरोबर उणे २. ० गुणिले उणे २ बरोबर ०. मग थांबले, वळले आणि सभागृहात मागे बसलेल्या एका चाळिशीच्या माणसाला नावाने उठवलं, "सांग, उत्तर दर खेपेला कितीने वाढतंय?" तो उभा राहून म्हणाला दोनने सर. "मग आता शून्यानंतर डावीकडे उणे १ आला, उत्तर काय?" दोन, सर. "अधिक की उणे?" अधिक, सर. "बस." हशा, टाळ्या, आणि त्यांचा शिकवण्याचा स्वभाव, म्हणजे उत्तर स्वतः न सांगता मुलाच्या तोंडून काढायचं आणि तेही मागच्या बाकावरच्या, सगळ्या हॉलला दिसला. कुठल्याही प्रश्नाने मला हे मिळालं नसतं.

लिहिताना जन्मापासून सुरू करू नका. "बाईंचा जन्म एका मध्यमवर्गीय कुटुंबात" असं पहिलं वाक्य असेल तर वाचणारा पान उलटतो आणि फोटो बघतो. शिक्षण, पदव्या, नोकरीच्या तारखा, पुरस्कार असतील तर ते, सगळं एका छोट्या चौकटीत बाजूला टाका, पाच-सहा ओळी, म्हणजे मजकूर मोकळा राहतो. पुरस्काराचं नाव आणि वर्ष सर्टिफिकेट बघूनच लिहा, राष्ट्रीय, राज्य आणि तालुका पातळीचे पुरस्कार आपल्याकडे लोक बिनधास्त एकमेकांत मिसळतात. मजकुराची सुरुवात तुम्हाला मिळालेल्या सगळ्यात ठोस गोष्टीने करा, पहिल्या शाळेची वाट असेल, पाचवीचा वर्ग असेल, फॅन असेल. विशेषणं लिहून झाल्यावर खोडा. 'विद्यार्थीप्रिय' खोडलंत आणि खाली विद्यार्थी त्यांच्यासाठी काय करतात ते लिहिलेलं असेल तर काही बिघडत नाही, आणि लिहिलेलं नसेल तर 'विद्यार्थीप्रिय' ठेवूनही काही उपयोग नाही.

ड्राफ्ट झाला की बाईंना वाचायला देऊ नका, वाचून दाखवा. हातात दिलात तर त्या लाल पेन काढतील, सवयच ती, आणि सगळी जिवंत वाक्यं शुद्धलेखनासकट सरळ होऊन परत येतील. वाचून दाखवलंत की तारखा, नावं, गावं तेवढी दुरुस्त करतील, आणि कुठली गोष्ट नको असेल तर चेहऱ्यावर लगेच कळेल, ती काढून टाका, वाद घालू नका. प्रिंटरकडे जायच्या आठवडाभर आधी हे उरका, शेवटच्या रात्री नको.

राहिला फोटो. पासपोर्ट साईझचा स्टुडिओतला फोटो सगळेच देतात, तो चौकटीत जाऊ दे. बाईंकडे पहिल्या शाळेतला एखादा ग्रुप फोटो असणारच, ट्रंकेत किंवा गोदरेजच्या कपाटात वरच्या खणात, तो मागून घ्या आणि खालची नावं डावीकडून उजवीकडे त्यांच्याकडूनच लिहून घ्या. रेकॉर्डर तेव्हाही चालूच ठेवा, पहिल्या रांगेच्या मध्यापर्यंत पोचेस्तोवर तुम्हाला दोन पानं पुरणार नाहीत एवढं मिळालेलं असेल, मग हेडमास्तरांकडे तिसरं पान मागायचं काम तुमचं.